वाहनातील बिनतारी संच घरच्या विजेवर

१० जुलै २०१८ या दिवशी वसई तालुका पाण्यात होता. सततच्या पर्जन्यवृष्टीने नालासोपाऱ्याजवळ लोहमार्ग बुडाला, आगगाड्या जागच्या जागी उभ्या राहिल्या, मिठागरांच्या वस्तीतील माणसे पाण्याने वेढली गेली आणि वीजपुरवठा बंद पडल्याने घरोघर अंधार झाला. पुढे १७ मे २०२१ रोजी तौक्ते चक्रीवादळ किनाऱ्याला समांतर गुजरातकडे सरकले. तेव्हाही झाडे विजेच्या तारांवर कोसळली, केळीच्या बागा आडव्या झाल्या आणि तालुक्यातील अनेक भागांत वीज गेली. या दोन्ही प्रसंगी ग्रामपातळीवर काम करणाऱ्यांस एकच अडचण सर्वांत अधिक जाणवली. गावाची खबर तालुक्यास आणि तालुक्याची गावास पोहोचविता येईना. भ्रमणध्वनीच्या मनोऱ्यांवर बॅटऱ्या असतात. परंतु वीज गेल्यानंतर त्या काही तासच पुरतात, आणि मनोरा मुका झाला म्हणजे खिशातील यंत्राचा उपयोग विजेरीपुरताच उरतो.

अशा वेळी उपयोगी पडणारे साधन म्हणजे बिनतारी संच. त्यातही सर्वांत दणकट व बहुधा सहज मिळणारा प्रकार म्हणजे वाहनात बसविण्याचा संच होय. हातात धरण्याच्या लहान यंत्राची शक्ती साधारणतः ५ वॅट असते. वाहनातील संचाची २५ किंवा ५० वॅट असते. मच्छीमार नौकांवर असेच संच असतात, सरकारी जीपगाड्यांत असतात आणि हौशी बिनतारी केंद्र चालविणाऱ्या परवानाधारकांकडेही असतात. मात्र पुराच्या दिवशी वाहन हे काही भरवशाचे ठिकाण नव्हे. रस्त्यावर पाणी आले की गाडी घराबाहेर काढता येत नाही. केवळ संचासाठी दोन दोन दिवस इंजिन चालू ठेवणेही परवडत नाही. म्हणून संच घरात, ग्रामपंचायतीच्या कचेरीत किंवा सहकारी सोसायटीच्या माडीवर आणून तो तेथील विजेवर चालविण्याची इच्छा होणे स्वाभाविक आहे. ते कसे करावे आणि त्यात कोठे चुका होतात, हे येथे सांगावयाचे आहे.

प्रस्तुत लेखक विद्युत् अभियंता नाही. शेतीचे शिक्षण घेऊन या खात्यात आलेला आहे. तौक्ते वादळानंतर बागांच्या पंचनाम्यांसाठी हिंडत असताना दळणवळण तुटल्याचा जो अनुभव आला, त्यामुळे त्याने हौशी बिनतारी सेवेची परीक्षा देऊन परवाना घेतला. या विषयात त्याला जे कळते ते परीक्षेपेक्षा स्वतः केलेल्या चुकांतून अधिक कळले आहे.

घरची वीज आणि गाडीची वीज

घरात येणारी वीज २३० व्होल्ट दाबाची असते, व तिचा प्रवाह सेकंदाला ५० आवर्तने या गतीने उलटसुलट वाहतो. वायरमन यास ‘एसी’ म्हणतात. गाडीतील बॅटरी जी वीज देते ती एकाच दिशेने वाहते, ती ‘डीसी’. तिचा दाब नावाला १२ व्होल्ट असला तरी इंजिन चालू असताना तो साडेतेरा ते सव्वाचौदा व्होल्टच्या आसपास असतो. म्हणूनच वाहनातील बहुतेक संचांच्या माहितीपुस्तिकेत १३.८ व्होल्ट असा आकडा छापलेला आढळेल, व त्याच्या खालीवर सुमारे १५ टक्के फरक संचास चालतो असे म्हटलेले असेल. याचा अर्थ, पावणेबारा व्होल्टच्या खाली संच नीट काम करणार नाही, आणि पावणेसोळा व्होल्टच्या वर गेल्यास तो जळण्याचा धोका आहे.

येथे दाबाइतकाच प्रवाहाचाही विचार करावा लागतो. संच नुसता ऐकत असतो तेव्हा त्यास अर्धा ते एक अँपिअर प्रवाह पुरतो. परंतु बोलण्यासाठी बटण दाबले की २५ वॅटचा संच पाच ते सहा अँपिअर व ५० वॅटचा संच दहा ते बारा अँपिअर प्रवाह मागतो. दूरच्या पल्ल्याचे १०० वॅटचे संच तर वीस अँपिअरच्याही पुढे जातात. अनेकांचा गोंधळ येथेच होतो. रेडिओ किंवा चार्जिंगच्या लहान यंत्रासाठी बाजारात जे ‘१२ व्होल्टचे अडॅप्टर’ मिळते, त्यातून एक किंवा दोन अँपिअर प्रवाह निघतो. त्यावर संचाचा दिवा लागतो, दुसऱ्याचे बोलणे स्वच्छ ऐकू येते आणि माणूस समाधानाने झोपतो. प्रत्यक्ष संकटाच्या वेळी बटण दाबावे तर संच विझतो.

शेतकऱ्यास ही गोष्ट पाण्याच्या उपमेने लगेच पटते. उंचावरील टाकीतून बारीक नळाने जोरात आलेले पाणी आणि सपाट रानात रुंद पाटाने संथ आलेले पाणी, ही दोन्ही दिवसाअखेर सारखीच भरू शकतात. घरची वीज ही बारीक नळासारखी आहे. तिचा दाब मोठा व प्रवाह थोडा. गाडीची वीज पाटासारखी आहे. दाब थोडा व प्रवाह मोठा. ५० वॅटचा संच बोलताना १३.८ व्होल्ट दाबाने १० अँपिअर घेत असेल तर ती शक्ती १३८ वॅट झाली. मधल्या यंत्रातील गळती धरून घराच्या मीटरवर ती साधारण १६५ वॅट, म्हणजे छताच्या दोन पंख्यांएवढी भरेल, व २३० व्होल्टच्या बाजूस पाऊण अँपिअरही प्रवाह लागणार नाही. तीच शक्ती संचाच्या बाजूस न्यावयाची तर मात्र पाट रुंदच हवा.

मधले यंत्र

नळाच्या पाण्याचा पाट करणारे यंत्र म्हणजे विद्युत् पुरवठा संच, ज्यास दुकानदार ‘पॉवर सप्लाय’ म्हणतो. त्याचे दोन प्रकार आहेत. पहिल्यात लोखंडी गाभ्याचा मोठा ट्रान्सफॉर्मर असतो. तो २३० व्होल्टचा दाब सुमारे १८ व्होल्टपर्यंत उतरवितो, पुढे डायोडांची चौकट प्रवाह एकाच दिशेस वळविते, मोठे कपॅसिटर त्यातील चढउतार सपाट करतात, आणि शेवटचे नियामक मंडल दाब १३.८ व्होल्टवर धरून ठेवते. हा प्रकार जड असतो, तापतो, वीज अधिक खातो. पण बिनतारी संचात त्याचा खरखराट येत नाही. दुसरा प्रकार हलका व स्वस्त आहे. तो प्रवाहाचे सेकंदास हजारो वेळा तुकडे करून दाब उतरवितो. त्यास ‘एसएमपीएस’ म्हणतात. तो वीज कमी खातो, परंतु हलक्या प्रतीचा असल्यास स्वतःच एक लहानसा प्रेषक बनून तुमच्याच संचात घरघर उत्पन्न करतो. घेताना दुकानात संच जोडून, अँटेना लावून ऐकून पाहावे. दुकानदारास हे आवडले नाही तर दुसरे दुकान पाहावे.

कोणताही प्रकार घेतला तरी त्यावर लिहिलेल्या प्रवाहाचा आकडा संचाच्या सर्वाधिक मागणीहून निदान दीडपट असावा. दहा अँपिअरच्या संचास पंधरा ते वीस अँपिअरचा पुरवठा घ्यावा. दिव्यांच्या पट्ट्यांसाठी जाळीदार पत्र्याच्या पेटीतील १२ व्होल्टचे जे पुरवठा संच मिळतात, त्यांतील पुष्कळांवर दाब थोडा वाढविण्याचा लहान स्क्रू असतो. मीटर लावून तो १३.८ पर्यंत वाढविता आला तर काम भागते. मात्र त्यांचे २३० व्होल्टचे स्क्रू उघड्यावर असतात. लहान मुले असलेल्या घरात ते झाकल्याशिवाय वापरणे हा अविचार आहे. जुन्या संगणकातील पुरवठा संचही काही जण वापरतात. त्यातून १२ व्होल्टच निघतात, १३.८ नव्हेत, आणि बोलताना ते आणखी खाली येतात. लेखकाच्या मते हा खटाटोप करू नये.

आता एका चुकीविषयी विस्ताराने लिहितो, कारण ती लेखकाने स्वतः केली आहे. घरी ट्रॅक्टरच्या बॅटरीचा जुन्या पद्धतीचा चार्जर होता. त्यावर ‘१२ व्होल्ट, १५ अँपिअर’ असे लिहिलेले होते. संचास १२ व्होल्ट व दहाबारा अँपिअर हवेत, चार्जर ते देतो, मग वेगळा पुरवठा संच कशास घ्यावा, असा साधा हिशेब करून लेखकाने चार्जरच्या दोन चिमट्यांस संचाच्या दोन तारा जोडल्या. प्रथम एक मोठी घूं ऐकू आली. मग धुराचा वास आला. संच दुरुस्तीस नेला तेव्हा त्याची किंमत जवळजवळ नव्या संचाइतकी सांगण्यात आली.

याचे कारण असे. जुना चार्जर दाब धरून ठेवीत नाही. त्यात फक्त ट्रान्सफॉर्मर व डायोड असतात. प्रवाह एका दिशेस वळतो खरा, परंतु तो सेकंदास शंभर ठोक्यांनी उसळत येतो. ट्रान्सफॉर्मरचे १५ व्होल्ट हा सरासरी स्वरूपाचा आकडा आहे. प्रत्येक ठोक्याच्या शिखरावर दाब त्याच्या १.४१ पट, म्हणजे २१ व्होल्टपर्यंत चढतो. बॅटरी जोडलेली असताना ती हे ठोके गिळून टाकते, आणि दाब तिच्या मर्यादेत राहतो. बॅटरी नसेल तर संचातील कपॅसिटर त्या शिखरापर्यंत भरतात, आणि पावणेसोळा व्होल्ट सोसणाऱ्या संचावर एकवीस व्होल्ट बसतात. चार्जर हे बॅटरी भरण्याचे यंत्र आहे, संच चालविण्याचे नव्हे. हे वाक्य लेखकास बरेच महाग पडले आहे.

बॅटरी मध्ये हवी

उत्तम पुरवठा संच आणून बसविला तरी मूळ प्रश्न सुटत नाही. ज्या दिवशी संचाची खरी गरज असते, नेमक्या त्याच दिवशी घरची वीज नसते. २०१८ मध्ये हेच झाले, २०२१ मध्येही हेच झाले. केवळ घरच्या विजेवर चालणारा संच हा कोरड्या दिवसांची छत्री आहे. म्हणून घरच्या विजेने बॅटरी भरावी आणि बॅटरीने संच चालवावा, हीच योजना योग्य होय. वसईच्या पश्चिम पट्ट्यातील वाडीवाल्यांस हे समजावून सांगण्याची गरज पडू नये. आपल्या पूर्वजांनी वाड्यावाड्यांतून बावखले खोदली ती याच विचाराने. पावसाळ्यात पाणी हळूहळू साठवावयाचे, आणि उन्हाळ्यात शिंपण्यास हवे तेवढे काढावयाचे. पाऊस पडत असतानाच पाणी वापरता येईल अशी व्यवस्था कोणीही केली नाही.

आज अनेक घरांत इन्व्हर्टर आहे व त्याखाली १२ व्होल्टची १५० अँपिअर-तासांची मोठी बॅटरी आहे. संचासाठी हा तयार साठा होय. येथेही लोक एक आडवळण घेतात. इन्व्हर्टर बॅटरीचे १२ व्होल्ट चढवून २३० करतो. त्या २३० व्होल्टवर पुरवठा संच लावून ते पुन्हा उतरवून १३.८ केले जातात. घागर माडीवर चढवून पुन्हा खाली ओतण्याचाच हा प्रकार आहे. चढतानाही सांडते, उतरतानाही सांडते. त्यापेक्षा संचाच्या तारा फ्यूजसह थेट बॅटरीच्या टोकांवर घ्याव्यात. मात्र आधी दोन गोष्टी पाहाव्यात. मोठ्या इन्व्हर्टरला दोन बॅटऱ्या एकापुढे एक जोडलेल्या असतात व एकूण दाब २४ व्होल्ट असतो. अशा जोडीवर १२ व्होल्टचा संच लावल्यास तो तत्काळ जळेल; आणि जोडीतील एकाच बॅटरीवरून संच चालविला तर ती एक नेहमी अर्धवट रिकामी राहून दोन्ही लवकर निकामी होतील. ट्रकवर व मोठ्या नौकांवरही २४ व्होल्ट असू शकतात. तेथे २४ चे १२ करणारे यंत्र लावणे भाग आहे. दुसरी गोष्ट, वीज असताना इन्व्हर्टर बॅटरी भरीत असतो तेव्हा काही इन्व्हर्टर संचात घरघर उठवितात. तेवढ्यापुरता इन्व्हर्टर बंद करून ऐकावे म्हणजे खात्री होते.

इन्व्हर्टर नसेल तर स्वतंत्र बॅटरी घ्यावी. किती मोठी, हे हिशेबाने ठरवावे. ५० वॅटचा संच रात्रंदिवस ऐकत ठेवला व ऐकताना तो अर्धा अँपिअर घेतो असे धरले, तर चोवीस तासांत १२ अँपिअर-तास खर्च होतात. त्याच दिवसात एकूण सव्वा तास बोलणे झाले, तर दहा अँपिअरप्रमाणे आणखी साधारण १२. म्हणजे दिवसाचा खर्च सुमारे २४ व दोन दिवसांचा ४८ अँपिअर-तास. शिशाच्या बॅटरीतील अर्ध्याहून अधिक साठा वारंवार काढल्यास तिचे आयुष्य घटते. तेव्हा दोन दिवसांच्या तयारीसाठी १०० अँपिअर-तासांची बॅटरी हवी. ट्रॅक्टरची बॅटरी अडीअडचणीस चालेल, पण ती इंजिन सुरू करताना क्षणभर मोठा झटका देण्यासाठी बनविलेली असते, तासन्‌तास थोडाथोडा प्रवाह देण्यासाठी नव्हे. खोलवर उतरविल्यास ती लवकर मरते, आणि मग नांगरणीच्या दिवशी ट्रॅक्टरही उभा राहतो.

साठा वाचविण्याचा एक सोपा उपाय संचावरच असतो, पण तो फारसा कोणी वापरीत नाही. बहुतेक संचांस शक्ती कमी करण्याचे बटण असते. ५० वॅटऐवजी १० वॅटवर बोलल्यास प्रवाहाची मागणी निम्म्याहून खाली येते. पल्ला मात्र त्या प्रमाणात कमी होत नाही, कारण या लहरींचा पल्ला शक्तीपेक्षा अँटेनाच्या उंचीवर अधिक अवलंबून असतो. पाचूबंदरहून वसई गावापर्यंत बोलण्यास ५० वॅट लावणे म्हणजे शेजाऱ्यास हाक मारण्यासाठी ढोल वाजविणे होय.

बॅटरी भरण्यासाठी आपोआप दाब धरून ठेवणारा चार्जर घ्यावा. कायम जोडून ठेवावयाचा असल्यास त्याचा दाब साडेतेरा ते १३.८ व्होल्टच्या दरम्यान असावा. जुन्या पद्धतीचा चार्जर आठवडाभर लावून ठेवल्यास बॅटरीतील पाणी उकळून जाईल. बॅटरी किती भरली आहे हे साध्या मल्टिमीटरने कळते. काही तास विसावलेल्या बॅटरीचा दाब १२.७ व्होल्ट असेल तर ती पूर्ण भरलेली, १२.२ असेल तर अर्धी, आणि १२ च्या खाली गेला असेल तर भरण्याची वेळ टळून चाललेली समजावी. पेट्रोलवर चालणारे लहान जनित्र असल्यास त्यावर चार्जर लावावा, संच थेट लावू नये. अशा जनित्राचा दाब भार बदलला की डोलतो, व बॅटरी तो डोल सहन करते. सौर तावदानाचाही उपयोग होतो. १०० वॅटचे तावदान स्वच्छ उन्हात पाच-सहा अँपिअर देते. आषाढातील ढगांखाली त्याचा लहानसा अंशच मिळतो, म्हणून पावसाळ्यात त्यावर विसंबू नये.

तारा, फ्यूज आणि जागा

तार हा या कामातील सर्वांत दुर्लक्षित भाग आहे. घरातील दिव्याच्या बटणासाठी चालणारी तार येथे चालत नाही. हिशेब पाहा. बॅटरीपासून संच ५ मीटरवर असेल तर जाण्यायेण्याची मिळून तार १० मीटर झाली. अर्ध्या चौरस मिलिमीटरच्या बारीक तांब्याच्या तारेतून १० अँपिअर वाहू लागले की वाटेतच जवळजवळ ४ व्होल्ट गळतात, बॅटरीवर १२.७ असतील तर संचापाशी पावणेनऊ पोहोचतील व तो बंद पडेल. अडीच चौरस मिलिमीटरच्या तारेत ही गळती सुमारे ०.८ व्होल्ट व सहा चौरस मिलिमीटरच्या तारेत साधारण एक तृतीयांश व्होल्ट होते. म्हणून तार जाड घ्यावी, आणि त्याहूनही बरे म्हणजे बॅटरी संचाजवळ ठेवावी. लांब तार न्यावयाचीच तर २३० व्होल्टच्या बाजूची न्यावी. खरी पारख बोलताना होते. एकाने बटण दाबून बोलावे व दुसऱ्याने संचाच्या पाठीमागे दाब मोजावा. नुसते ऐकताना मोजलेला आकडा फसवा असतो.

धन तारेवर, बॅटरीच्या टोकाजवळच, फ्यूज असलाच पाहिजे. दहाबारा अँपिअरच्या संचास १५ अँपिअरचा. १२ व्होल्टचा माणसास झटका बसत नाही म्हणून लोक या बाजूस निष्काळजी राहतात. पण भरलेल्या बॅटरीची दोन टोके एकत्र आली तर शेकडो अँपिअर प्रवाह वाहून तार लाल होते व घरास आग लागू शकते. हातातील अंगठी किंवा पान्हा दोन टोकांत अडकून भाजल्याची उदाहरणे गॅरेजवाले सांगतील. लाल तार धन टोकास, काळी ऋण टोकास. उलट जोडल्यास बरे नशीब असेल तर फ्यूजच जातो. २३० व्होल्टच्या बाजूस तीन पिनांची, खरी भूमिजोड असलेली खुंटी असावी व मुख्य फळीवर ३० मिलिअँपिअरचा गळतीरोधक स्विच असावा. पुरवठा संचाचे झाकण घरी उघडू नये. पिन काढल्यानंतरही आतील कपॅसिटरांत काही काळ वीज राहते.

बॅटरी भरताना हायड्रोजन वायू निघतो. तिची जागा हवेशीर असावी, देवघराच्या समईजवळ किंवा स्वयंपाकघरात नसावी. अर्नाळा, रानगाव, भुईगाव अशा किनाऱ्यावरील गावांत खाऱ्या हवेने टोकांवर हिरवी-पांढरी बुरशी धरते व दाब तेथेच अडतो. टोके घासून पेट्रोलियम जेली लावावी. आणि संच, बॅटरी, चार्जर ही सर्व २०१८ च्या पाण्याच्या खुणेहून उंच ठेवावीत. शंभर अँपिअर-तासांची बॅटरी जड असते. पाणी घरात शिरल्यावर ती उचलू असे ठरविणाऱ्याने कोरड्या दिवशी एकदा उचलून पाहावे.

गाडीचे छप्पर हे अँटेनाच्या खालचे धातूचे पीठ असते. घरात ते नाही. म्हणून गाडीची अँटेना खिडकीत टांगून भागत नाही. घराच्या कौलांवर उभी करावयाची स्वतंत्र अँटेना घ्यावी, तिच्या खांबास वीज पडण्यापासून संरक्षणासाठी भूमिजोड द्यावी, आणि खांब कोसळला तरी विजेच्या तारांवर पडणार नाही इतका दूर असावा. अँटेना न जोडता बटण कधीही दाबू नये. प्रेषक निकामी होऊ शकतो.

परवाना

येथपर्यंतचे सर्व काम वायरमनच्या मदतीने होण्यासारखे आहे. परंतु संचातून बोलणे हा कायद्याचा विषय आहे, आणि वाहनासाठी मिळालेला परवाना घरासाठी आपोआप लागू होतो असे मानू नये. बिनतारी केंद्र कोठे, कोणत्या लहरीवर व किती शक्तीने चालवावे हे केंद्र सरकारच्या दूरसंचार विभागातील बिनतारी नियोजन व समन्वय शाखा ठरविते. नौकेवरील सागरी संच किनाऱ्यावर आणून सोसायटीच्या कचेरीत चालवावयाचा असल्यास तेथील केंद्रासाठी स्वतंत्र परवानगी घ्यावी लागते. हौशी सेवेसाठी परीक्षा आहे. ती कठीण नाही, आणि अकरावी-बारावीतील मुलांस विशेष गोडी लागते असा लेखकाचा अनुभव आहे. २६.९५७ ते २७.२८३ मेगाहर्ट्झ या पट्ट्यात मात्र ५ वॅटपर्यंतच्या मान्यताप्राप्त संचांस, नियमांतील अटी पाळल्यास, परवान्यातून सूट आहे. हे संचही १२ व्होल्टच्या वाहनांसाठीच बनविलेले असतात, बोलताना एकदोन अँपिअरच घेतात, आणि मोकळ्या जागेत काही किलोमीटर पोहोचतात. वाडीतून बंदरापर्यंत किंवा पाणजूसारख्या खाडीतील बेटावरून अलीकडच्या तीरापर्यंत निरोप देण्यास तेवढे पुरे आहे. अँटेनाविषयीच्या अटी मात्र घेण्यापूर्वी वाचाव्यात. समुद्रात नौका संकटात असल्याची खबर मिळाल्यास ती तटरक्षक दलास १५५४ या क्रमांकावर कळवावी. सागरी संचावर १६ वा मार्ग हा संकटसंदेशांसाठी आहे, त्यावर गप्पागोष्टी करू नयेत.

ऑक्टोबर १९९९ मधील ओडिशाचे महावादळ व २६ जानेवारी २००१ चा कच्छचा भूकंप, या दोन्ही वेळी तारा आणि दूरध्वनी तुटल्यावर हौशी केंद्रचालकांनी बॅटरीवर चालणाऱ्या संचांवरून निरोप पोहोचविले. आपल्या तालुक्यात याची शेतीस किती गरज आहे ते कापणीच्या दिवसांत कळते. पारोळ, भाताणे भागातील कापलेले भात शेतात पडलेले असावे आणि अवकाळी पावसाची सूचना संध्याकाळी यावी. अर्नाळ्यास बोंबील वाळत घातलेले असावेत आणि वारा फिरल्याची वार्ता नौकेवरून यावी. दोन तास आधी निरोप मिळाला तर पेंढ्या खळ्यावर येतात, मासळी आडोशास जाते, गुरे उंचावर बांधता येतात.

ज्या गावात असा संच बसविला जाईल तेथील कार्यकर्त्याने महिन्यातून एकदा, शक्यतो अमावास्येच्या आधीच्या रविवारी म्हणजे तारीख लक्षात राहते, मुख्य स्विच बंद करून संच दोन तास केवळ बॅटरीवर चालवावा. सुरुवातीचा दाब, बोलतानाचा दाब व शेवटचा दाब असे तीन आकडे वहीत लिहावेत. बोलतानाचा आकडा महिन्यामागून महिना खाली येत असेल तर आधी टोके घासावीत, मग बॅटरीतील पाणी पाहून शुद्ध पाणी घालावे, आणि तरीही सुधारणा नसेल तर मृग लागण्यापूर्वी बॅटरी बदलून घ्यावी.